लोकलहोस्टवरचं पान दुसऱ्याच्या मोबाइलवर कसं उघडायचं?

लॅपटॉपवर वेबपान तयार झालं, ब्राउझरमध्ये झकास दिसतंय, वर पत्ता आहे ‘लोकलहोस्ट:८०००’. तो कॉपी करून तुम्ही मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवता आणि तिकडून उत्तर येतं, ‘अगं, काहीच उघडत नाहीये.’ उघडणारच नाही. लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, हा पत्ता ज्या यंत्रावर टाकला त्याच यंत्राकडे परत जातो. मैत्रिणीच्या फोनने ते पान स्वतःकडेच मागितलं, आणि त्याच्याकडे ते कुठून असणार?

ह्यूगो, जेकिल, व्हीट, जँगो, झॅम्प असलं काहीतरी वापरून किंवा हाताने एचटीएमएल लिहून ज्यांनी पानं तयार केली आहेत आणि होस्टिंग विकत न घेता ती चार लोकांना दाखवायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दिवाळी अंकाची कच्ची मांडणी संपादकांना दाखवायची असो, वर्गातल्या मुलांच्या टॅबवर धडा उघडायचा असो, की आपली साइट मोबाइलच्या पडद्यावर कशी दिसते ते बघायचं असो, वाट एकच.

पान तुमच्या लॅपटॉपवरून दुसऱ्याच्या फोनपर्यंत जाताना तीन ठिकाणी अडतं: सर्व्हरपाशी (मागितल्यावर पान देणारा प्रोग्रॅम), लॅपटॉपच्या फायरवॉलपाशी (बाहेरून येणारी मागणी अडवणारी व्यवस्था) आणि वाय-फायच्या राउटरपाशी. बहुतेक जण वैतागून तिन्हीकडे एकदम हात घालतात. मग चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून खालच्या पायऱ्या आतून बाहेर अशा क्रमाने लावल्या आहेत. एक पायरी तपासून झाल्याशिवाय पुढची चढू नका.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

काय काय लागेल

- पानं असलेला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालेल.
- त्यावर पायथन. तुमच्या साधनाचा स्वतःचा सर्व्हर असेल तर याची गरज नाही.
- तपासायला एक फोन, त्याच वाय-फायवर जोडलेला.
- राउटरचा ॲडमिन पासवर्ड. बहुधा लागणार नाही, पण लागला तर तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.
- लांबच्या माणसाला दाखवायचं असेल तर टनेलचं एखादं साधन. त्याबद्दल नवव्या पायरीत.

१. द्यायचं तेवढंच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. साधा सर्व्हर ज्या फोल्डरमध्ये सुरू कराल ते अख्खं फोल्डर उघडं करतो. त्यात ‘इंडेक्स.एचटीएमएल’ नसेल तर आतल्या फाइलींची यादीच समोर मांडतो. डाउनलोड्समध्ये बसून सर्व्हर सुरू केला, तर आधार कार्डाची पीडीएफ आणि बँकेचं स्टेटमेंटही त्या यादीत दिसणार. नाव टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली तुमच्या फोल्डरमध्ये लपलेल्या दिसल्या तरी सर्व्हर त्या लपवत नाही. पासवर्ड ठेवलेली ‘.ईएनव्ही’ फाइल आणि ‘.गिट’ फोल्डर तर मुद्दाम शोधून बाहेर काढा.

ह्यूगो ‘पब्लिक’ या फोल्डरमध्ये आणि जेकिल ‘_साइट’ या फोल्डरमध्ये तयार पानं काढून ठेवतं. द्यायचं ते तेवढंच. मूळ प्रकल्पाचं फोल्डर द्यायची काही गरज नसते.

२. सर्व्हर सुरू करा

फाइलीवर डबल-क्लिक केली की पान उघडतं खरं, पण तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीला ‘फाइल’ असं येतं. तिथे सर्व्हर नसतोच, त्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय जावास्क्रिप्टचे मॉड्यूल आणि ‘फेच’ने आणलेला डेटा ब्राउझर त्या अवस्थेत अडवून धरतो. म्हणून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, ‘सीडी’ने त्या फोल्डरमध्ये जा आणि लिहा:

पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००

विंडोजवर ‘पायथन३’च्या जागी नुसतं ‘पीवाय’ लिहा. (विंडोजवर ‘पायथन’ लिहिल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडलं, तर पायथन अजून बसवलेलंच नाही असं समजा.) ८००० हा पोर्टचा आकडा. आयपी पत्ता म्हणजे सोसायटीचा पत्ता धरला तर पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. पोर्ट आधीच वापरात असल्याची तक्रार आली तर ८००१ किंवा ८०८० घ्या. मॅकवर ५००० च्या वाटेला जाऊ नका, कारण मॅकओएसच्या मॉन्टेरी आवृत्तीपासून तिथे एअरप्लेने मुक्काम ठोकला आहे. फ्लास्कचा नेहमीचा पोर्ट ५०००च, त्यामुळे मॅकवर फ्लास्क चालवणारे हमखास इथेच ठेचकाळतात.

आता लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०००’ उघडा. इथे पान आलं नाही तर फोन हातात घ्यायचंच नाही.

पायथनचा हा सर्व्हर कायमस्वरूपी वापरासाठी नाही, असं पायथनचं दस्तऐवजही बजावतं. चार लोकांना चार तास दाखवायला तो पुरेसा आहे.

३. सर्व्हर बाहेरचं ऐकतोय का ते बघा

पायथनचा सर्व्हर मुळातच सगळ्या बाजूंनी येणारी मागणी ऐकतो, त्यामुळे टर्मिनलवर ‘०.०.०.०’ किंवा ‘::’ असं दिसतं. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा नसतो. ‘या यंत्राच्या सर्व पत्त्यांवर मी आहे’ असं सर्व्हर त्यातून सांगत असतो. बाकीची बरीच साधनं सुरक्षिततेसाठी फक्त १२७.०.०.१ वर बसतात. फायरवॉल पूर्ण बंद केली, राउटर बदलला, तरी ती बाहेरच्याला ओ देणार नाहीत. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं:

- व्हीट: कमांडला शेवटी ‘--होस्ट’ जोडा. एनपीएमने चालवत असाल तर मध्ये जास्तीचे दोन डॅश लागतात: एनपीएम रन डेव्ह -- --होस्ट. नेहमीचा पोर्ट ५१७३.
- जेकिल: जेकिल सर्व्ह --होस्ट ०.०.०.०, पोर्ट ४०००.
- ह्यूगो: ह्यूगो सर्व्हर --बाइंड ०.०.०.०, पोर्ट १३१३. सोबत ‘--बेसयूआरएल’ही द्यावा लागतो, त्याचं कारण आठव्या पायरीत.
- फ्लास्क: फ्लास्क रन --होस्ट ०.०.०.०
- जँगो: रनसर्व्हर ०.०.०.०:८०००. एवढ्याने भागत नाही. सेटिंग्जमधल्या ‘अलाउड होस्ट्स’ यादीत लॅपटॉपचा आयपी पत्ता घातला नाही तर फोनवर ४०० क्रमांकाची चूक येते.

झॅम्पचा अपाची मुळातच बाहेरचं ऐकतो. त्यावर वर्डप्रेस असेल तर गंमत वेगळी आहे, तीही पुढे येते.

४. लॅपटॉपचा खरा पत्ता शोधा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, मॅकवर ‘आयपीकॉन्फिग गेटआयएफॲडर ईएन०’, लिनक्सवर ‘होस्टनेम -आय’ (आय मोठ्या लिपीतला).

विंडोजवर एकाऐवजी चार-पाच पत्ते दिसतात आणि नवखा माणूस पहिला दिसेल तो उचलतो. व्हर्च्युअलबॉक्स, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), व्हीपीएन अशा प्रत्येकाचं स्वतःचं आभासी कार्ड असतं. ओळखायची खूण अशी: ज्या गटात ‘डीफॉल्ट गेटवे’ या ओळीसमोर आकडा भरलेला आहे, त्या गटातला ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ घ्या. रिकामा गेटवे म्हणजे ते कार्ड आपल्या कामाचं नाही.

घरात हा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो, मोठ्या ऑफिसात १० ने, कधी १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एखाद्याने. हे तिन्ही पट्टे खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमचा १९२.१६८.१.७ आणि शेजारच्यांचा १९२.१६८.१.७ सुखाने नांदतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी वाय-फाय काढून पुन्हा जोडा.

सर्व्हर डब्ल्यूएसएलच्या आत चालवत असाल तर तो एका वेगळ्या आतल्या जाळ्यात बसलेला असतो. लॅपटॉपवर लोकलहोस्टने उघडतो, बाहेरच्याला मात्र दिसत नाही. सरळ उपाय म्हणजे दाखवण्यापुरता विंडोजमध्येच पायथनचा सर्व्हर चालवा.

५. फोनवर उघडा, पण नजर टर्मिनलवर ठेवा

पत्ता १९२.१६८.१.७ आला असं धरू. फोन घेण्याआधी लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी://१९२.१६८.१.७:८०००’ टाकून बघा. उघडलं म्हणजे सर्व्हरचं काम संपलं. नाही उघडलं तर तिसऱ्या पायरीवर परत.

आता तोच पत्ता फोनमध्ये. सुरुवातीचं ‘एचटीटीपी://’ हाताने लिहाच. नुसते आकडे टाकले तर काही ब्राउझर त्याचा शोध घेत बसतात, काही आपल्या मनाने ‘एचटीटीपीएस’ लावतात, आणि तुमच्या साध्या सर्व्हरला ते येत नाही. आयफोनवर आधी सफारीत बघा. तिथल्या इतर ब्राउझरना ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. दहा जणांना पत्ता सांगायचा असेल तर क्रोममधून त्या पानाचा क्यूआर कोड काढा आणि प्रोजेक्टरवर लावा. आकडे वाचून दाखवत बसलात तर कोणी टिंबाच्या जागी स्वल्पविराम टाकतं, कोणी पोर्टच विसरतं.

फोनवर पान मागितलं की लॅपटॉपच्या टर्मिनलवर एक ओळ उमटते: सुरुवातीला फोनचा आयपी पत्ता, मग तारीख-वेळ, मग ‘गेट’ आणि शेवटी २०० हा आकडा. या एका ओळीवरून दोष कुठे आहे ते कळतं.

ओळ उमटली आणि २०० दिसलं, तर पान पोचलं. ओळ उमटली पण ४०४ दिसलं, तर वाट मोकळी आहे, फाइलचं नाव चुकलंय. ‘फॅव्हिकॉन.आयसीओ’साठी येणारा ४०४ सोडून द्या, ते पानाच्या चिन्हासाठी ब्राउझरने आपणहून विचारलेलं असतं. ओळ उमटलीच नाही आणि फोनवर नुसतं गोल गोल फिरतंय, तर मागणी लॅपटॉपपर्यंत आलेलीच नाही. म्हणजे फायरवॉल किंवा राउटर. एचटीएमएल उघडून त्यात चुका शोधू नका, तिथे काही नाही.

‘पिंग करून बघ’ (म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून ते ओ देतं का बघ) असा सल्ला कोणीतरी देतंच. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगलाच उत्तर देत नाही, त्यामुळे पिंग लागला नाही यावरून काही ठरवू नका.

६. फायरवॉलमध्ये वाट करून द्या

विंडोजवर सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला की परवानगी विचारणारी खिडकी येते. घाईत कॅन्सल दाबलं, तर विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवण्याचा नियम लिहून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. अशा वेळी विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘इनबाउंड रूल्स’ उघडा. पायथनच्या (किंवा नोडच्या) नावापुढे लाल खूण दिसेल. तो नियम काढून टाका, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा, आणि या वेळी फक्त ‘प्रायव्हेट’ला परवानगी द्या.

एवढं करूनही अडलं तर वाय-फायचा प्रकार बघा. विंडोजला घरचं वाय-फाय ‘पब्लिक’ वाटत असेल तर प्रायव्हेटसाठी दिलेली परवानगी लागूच होत नाही. सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. हे फक्त घरच्या किंवा विश्वासाच्या वाय-फायवर करायचं, स्टेशनच्या किंवा कॅफेच्या नाही.

उबुंटूवर यूएफडब्ल्यू (तिथली फायरवॉल) सुरू असेल तर: सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ८०००/टीसीपी. मॅक विचारतो तेव्हा ‘अलाउ’ म्हणा, संपलं. विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, आणि ऑफिसचं व्हीपीएन सुरू असेल तर तेही घरच्या जाळ्यातली ये-जा अडवू शकतं. व्हीपीएन बंद करून बघणं सगळ्यात सोपं.

अख्खी फायरवॉल बंद करून टाकण्याचा सल्ला जागोजागी मिळेल. मी तो देत नाही. तपासण्यापुरती बंद केलेली फायरवॉल महिनोन्‌महिने तशीच राहते.

७. राउटर आडवा येतोय का?

पहिला प्रश्न हास्यास्पद वाटेल तरी विचारा: फोन खरंच वाय-फायवर आहे का? इंटरनेट नसलेल्या वाय-फायवर अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. मोबाइल डेटा बंद करूनच तपासा.

दुसरी अडचण पाहुण्यांच्या वाय-फायची. ‘गेस्ट’ नावाच्या जाळ्यात एका उपकरणाला दुसरं उपकरण दिसूच द्यायचं नाही, अशी व्यवस्था असते. राउटरच्या सेटिंग्जमध्ये तिला ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ म्हणतात. हॉटेल, कॉलेज, वसतिगृह इथेही हेच. तिथे कोणाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट घराघरांत दिसते. फायबरवाल्याने बसवलेली पेटी एक, आणि आतल्या खोलीत सिग्नल पोचत नाही म्हणून आपण विकत आणलेला राउटर दुसरा. लॅपटॉप एकावर, फोन दुसऱ्यावर. दोघांचे पत्ते ताडून बघा. एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर दोघांना एकाच वाय-फायवर आणा, किंवा आतल्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ प्रकारात टाका.

यातलं काहीच हातात नसेल, शाळेच्या सभागृहात किंवा गावातल्या कार्यक्रमात असाल, तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉपसह सगळ्यांना त्यावर घ्या. पान लॅपटॉपवरूनच येतंय, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं, डेटाही खर्च होत नाही. फक्त लॅपटॉपचा पत्ता आता बदलला, तो पुन्हा काढा. हॉटस्पॉटवर किती उपकरणं घेता येतील याला मर्यादा असते, तीसजणांच्या वर्गाला एक साधा राउटर सोबत नेणंच बरं.

८. पान उघडलं, पण तुटकं-फाटकं

इथवर आलात म्हणजे जाळ्याचं काम झालं. आता पानातल्या भानगडी.

रंग, मांडणी, चित्रं गायब आणि नुसता मजकूर दिसतोय, तर पानाच्या आत कुठेतरी ‘लोकलहोस्ट’ असा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे. फोन ती चित्रं पुन्हा स्वतःकडेच मागतोय. ह्यूगोमध्ये हे ‘बेसयूआरएल’मुळे होतं, म्हणून सर्व्हर सुरू करताना तिथे लॅपटॉपचा आयपी पत्ता द्यायचा. वर्डप्रेस तर साइटचा पत्ता डेटाबेसमध्येच साठवतं आणि फोनला थेट लोकलहोस्टवर ढकलून देतं. त्याच्या जनरल सेटिंग्जमधले दोन्ही पत्ते बदलावे लागतात. हाताने लिहिलेल्या पानांत मुळातच सापेक्ष पत्ते ठेवा, म्हणजे सुरुवातीला ‘एचटीटीपी://लोकलहोस्ट’ नसलेले.

मराठी अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हं आली तर पानाच्या डोक्यात ‘मेटा कॅरसेट यूटीएफ-८’ आहे का बघा. पायथनचा सर्व्हर एचटीएमएलसोबत लिपीची माहिती पाठवत नाही, ती पानानेच सांगायची असते. मजकूर जुन्या शिवाजी किंवा कृतिदेव फाँटमधला असेल तर मात्र कॅरसेटने काही होणार नाही. तो मुळात युनिकोड नाहीच. तुमच्या लॅपटॉपवर फाँट बसवलेला आहे म्हणून तिथे मराठी दिसतं, फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करण्यावाचून इलाज नाही.

कॅमेरा, माइक, लोकेशन लॅपटॉपवर चालतं आणि फोनवर चालत नाही, ही तक्रार तर अनुभवी लोकांनाही चक्रावून टाकते. या सोयी ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवर देतो. लोकलहोस्टला तेवढी सूट आहे, १९२.१६८ वाल्या पत्त्याला नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:८००० टीसीपी:८०००’ चालवलं, तर फोनवरचा लोकलहोस्ट तुमच्या लॅपटॉपकडे वळतो आणि सगळ्या सोयी मिळतात. त्यासाठी लॅपटॉपवर एडीबी हे अँड्रॉइडचं साधन हवं आणि फोनमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू हवं.

९. दुसऱ्या गावातल्या माणसाला दाखवायचं तर

१९२.१६८ वाला पत्ता घराबाहेर निरुपयोगी आहे. जुने लेख राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी लॅपटॉपकडे वळवणं) करायला सांगतात. ते करण्याआधी राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि फॉरवर्डिंग करून काहीही साधणार नाही. आपल्याकडे बऱ्याच जोडण्या अशाच असतात. तशी नसली तरी घरचं दार कायमचं उघडं ठेवणं मला पसंत नाही.

त्याऐवजी टनेल वापरा. तुमचा लॅपटॉप आतून बाहेर एक जोडणी करतो आणि टनेलवाली कंपनी तुम्हाला एचटीटीपीएसचा तात्पुरता पत्ता देते. क्लाउडफ्लेअरच्या साधनाला (नावाच्या शेवटी डी जोडलेला: क्लाउडफ्लेअर्ड) झटपट टनेलसाठी खातंही लागत नाही:

क्लाउडफ्लेअर्ड टनेल --यूआरएल एचटीटीपी://लोकलहोस्ट:८०००

टर्मिनलवर लांबलचक पत्ता येतो, तो पाठवायचा. प्रत्येक वेळी नवा पत्ता मिळतो. एनग्रॉकला खातं लागतं, आणि त्याच्या फुकट योजनेत बघणाऱ्याला आधी एक इशाऱ्याचं पान दिसतं. घरच्या मोठ्या मंडळींना पाठवणार असाल तर ‘ते निळं बटण दाबा’ असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर फसवणुकीची लिंक समजून ती बंद करतील. व्हीटने टनेलचा पत्ता नाकारला तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘अलाउड होस्ट्स’मध्ये तो घालावा लागतो.

ज्याच्याकडे टनेलचा पत्ता आहे त्याला पान दिसतं, हे ध्यानात ठेवा. जँगो-फ्लास्कचा डीबग प्रकार (चुका शोधण्यासाठीची अवस्था) सुरू ठेवून टनेल उघडू नका. चूक झाली की तो तुमच्या कोडचे तुकडे आणि सेटिंग्ज परक्याला दाखवतो. मोजक्या ओळखीच्या लोकांसाठी टेलस्केल जास्त चांगलं: दोन्हीकडे बसवायचं, मग १०० ने सुरू होणारा एक खासगी पत्ता मिळतो आणि बाहेरच्या कोणालाही तो उघडत नाही.

आणि पानं नुसती एचटीएमएलची असतील, संपादकांना आठवडाभर सवडीने बघायची असतील, तर लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवण्यापेक्षा गिटहब पेजेसवर किंवा नेटलिफायवर चढवून टाका. टनेलमध्ये तुमचा लॅपटॉप झोपला की पानही झोपतं.

१०. आवरून ठेवा

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबून आधी टनेल, मग सर्व्हर बंद करा. नुसती ब्राउझरची खिडकी बंद केल्याने सर्व्हर थांबत नाही. वाय-फायचा प्रकार बदलला असेल तर पुढच्या वेळी कॅफेत बसण्याआधी ‘पब्लिक’ आहे ना ते बघा. हेच काम रोज करायचं असेल तर राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून लॅपटॉपला एक पत्ता कायमचा लावून घ्या, म्हणजे दर वेळी नवा क्यूआर कोड काढावा लागणार नाही. शेवटी फोनवर तोच पत्ता पुन्हा उघडा, आणि पान जुन्या साठ्यातून येऊ नये म्हणून खासगी खिडकीत उघडा. काही आलं नाही म्हणजे सर्व्हर खरंच बंद झालाय.